आवाज न करता वीस किलो

काटेवाल्यांना सगळे काटेवालेच म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी उन्हानं इतकी विटली होती की ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. वजनकाटे दुरुस्त करायचे आणि ते खरं बोलतात की नाही ते तपासायचं, हा धंदा. किराणावाल्याचा काटा, भंगारवाल्याचा, सोनाराचा, गोदामातला माणूस उभा राहील एवढा मोठा, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. म्हणजे अगदी खरं सांगायचं तर निम्मे त्यांच्या आणि निम्मे बायकोच्या. सोनाराचे नाजूक काटे बघायच्या काकू. चिमट्यात मोहरीएवढं वजन धरून श्वास रोखून बसायचं काम, ते काटेवाल्यांना सात जन्मात जमलं नसतं. "तुमचं जड, माझं बारीक," अशी वाटणी लग्नानंतर वर्षभरातच झाली होती आणि त्या वाटणीवरून दोघांचं कधीही भांडण झालं नव्हतं. बाकी सगळ्यावरून झालं होतं.

रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम म्हणजे स्वतःचं वजन. चपला काढायच्या, घड्याळ, किल्ल्या, पेन, चष्मा, सगळं टेबलावर ठेवायचं आणि मोठ्या काट्यावर जाऊन ताठ उभं राहायचं. चष्मा काढल्यामुळे आकडा दिसत नसे, म्हणून तो काकूंनी वाचायचा.

"किती?"

"तेवढंच," काकू मान वर न करता म्हणायच्या.

ही बाई बघतच नाही, असा काटेवाल्यांना दाट संशय होता. पण चष्मा लावून पुन्हा चढलं तरी आकडा खरोखरच तेवढाच असायचा. मग ते छाती काढून दारात उभे राहायचे आणि शेजारच्या सलूनवाल्याला ऐकवायचे, "बघ, वीस वर्षं झाली, वजन जागचं हललेलं नाही. माणसानं असं राहावं." सलूनवाल्याचं पोट त्याच्या आधी दुकानात शिरायचं. तो बिचारा कात्री चालवत मान डोलवायचा.

आता लग्नातल्या कोटाचं बटण पोटावर लागत नव्हतं आणि खांद्यावरून मात्र तो लोंबत होता, ही गोष्ट खरी. पण कोट जुना झाला की कापड असंच वागतं, असं त्यांचं मत होतं. आणि मत एकदा झालं की काटेवाले ते बदलण्यातले नव्हते.

या माणसाला सगळ्यात जास्त धाक कशाचा होता, तर किडनीचा. थोरल्या भावाच्या किडन्या गेल्या होत्या. दादाचं ते डायलिसिसच्या खुर्चीत बसणं, हाताला लावलेल्या नळ्या, तहान लागली तरी घोटभर पाण्यासाठी वहिनीच्या तोंडाकडे बघणं, हे सगळं काटेवाल्यांनी जवळून पाहिलं होतं. दादा गेला, आणि तेव्हापासून ते दरवर्षी लॅबमध्ये जाऊन एकच तपासणी करून यायचे. क्रिएटिनिन. ते वाढलं की किडनी बिघडली समजायचं. बाकी साखर वाढू दे, नाहीतर काहीही होऊ दे, त्यांना क्रिएटिनिनचा आकडा हवा असायचा. तो यायचाही छान. नुसता छान नाही, दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा थोडा कमीच. तो कमी झाला की काटेवाले बेकरीतून पेस्ट्र्या आणून अख्ख्या गल्लीत वाटायचे. पोराचा निकाल लागल्यासारखा थाट.

ही किमया आपल्या पथ्याची, अशी त्यांची खात्री. दादाला डॉक्टरांनी अंडी, मासे, दूध, कडधान्यं मोजूनमापून खायला सांगितली होती. काटेवाल्यांनी कुणाला न विचारता ती सगळीच बंद करून टाकली. दादाला थोडी तर आपल्याला अजिबात नको, म्हणजे किडनी खूश. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात आणि पातळसर भाजी, रात्री भूक नाही म्हणून पुन्हा चहा-टोस्ट. काकू अंडं उकडून पुढे ठेवायच्या, आणि ते अंडं काटेवाले शेजाऱ्यांच्या मांजराला द्यायचे. मांजर मात्र दिवसेंदिवस बाळसं धरत होतं.

तर असं सगळं उत्तम चाललेलं असताना घरातल्या आणि दुकानातल्या वस्तू बिघडायला लागल्या.

आधी शटर. रोज एका झटक्यात वर जाणारं शटर मध्येच अडायला लागलं. शटरवाल्याला बोलावलं. त्यानं तेलपाणी केलं, पैसे घेतले, गेला. महिन्याभरात शटर पुन्हा जड. पुन्हा बोलावलं. मग बाटल्यांची झाकणं कंपनीवाले जरा जास्तच घट्ट लावायला लागले. मग दुकानातली खुर्ची बुटकी झाली. तिच्यातून उठताना दोन्ही हात टेकल्याशिवाय जमेना, तेव्हा सुताराकडून तिच्या पायांना ठोकळे लावून घेतले. दुकानाच्या डोक्यावर घर होतं, त्या जिन्याच्या पायऱ्या उंच झाल्या. गुडघे दुखायचे ते वेगळंच. त्यावर औषधांच्या दुकानातून दुखणं मारायच्या गोळ्या आणून ते चणेफुटाणे खाल्ल्यासारख्या खायचे.

शटरवाला तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं शटर खाली घेतलं आणि एका हातानं सर्रकन वर नेलं. खाली घेतलं, पुन्हा नेलं. मग काटेवाल्यांकडे बघून म्हणाला, "काका, शटर ठणठणीत आहे. आता पुढचं बोललो तर तुम्हाला राग येईल."

"येईल."

"मग नाही बोलत," असं म्हणून त्यानं काकूंनी दिलेला चहा प्यायला आणि पैसे न घेता गेला. काटेवाल्यांना त्या पैसे न घेण्याचाच राग आला.

पण खरी गोम वेगळीच होती. ती कळायला त्यांच्या उस्तादांची गोष्ट सांगावी लागेल.

मोठा काटा तपासायचा तर वीस किलोचं लोखंडी वजन त्यावर ठेवून बघावं लागतं. आणि ते ठेवायचं असतं, आपटायचं नसतं. जुन्या काट्याच्या पोटात पोलादाची धार असते, सगळा भार तिच्यावर तोललेला. वजन दाणकन पडलं की धार बोथट होते आणि काटा कायमचा खोटं बोलायला लागतो. काटेवाले ज्यांच्या हाताखाली शिकले ते उस्ताद म्हणायचे, "वजन ठेवलेलं कुणाला ऐकू येता कामा नये." म्हातारपणी एक दिवस उस्तादांच्याच हातून ते दाणकन पडलं. उस्तादांनी हात धुतले, किल्ली काढून ठेवली आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. तरुण काटेवाले तेव्हा तिथेच उभे होते. घरी येऊन त्यांनी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "माझ्या हातून ज्या दिवशी वजन आपटेल, त्या दिवशी दुकान बंद. शब्द आहे माझा."

"बरं," नवी नवरी म्हणाली होती.

आता दुकान बंद म्हणजे काय, ते दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. लेक दुसऱ्या शहरात. तिनं आईबाबांसाठी एक खोली कधीची सजवून ठेवलेली. फोन आला की तिचं एकच पालुपद, "आता पुरे झालं ना बाबा, या इकडे." लेक गुणाची, जावई सोन्यासारखा, तक्रारीला जागा नाही. पण त्या खोलीत टेबल नव्हतं, चिमटा नव्हता, सकाळी उघडायला शटर नव्हतं. "तिथे मी दिवसभर करू काय? सोफ्याचे कोपरे नीट करू?" असं काकू म्हणायच्या.

म्हणून वीस किलोचं वजन जड वाटायला लागलं तेव्हा काटेवाल्यांनी गुपचूप दहादहाची दोन वापरायला सुरुवात केली. काकूंनी भुवया उंचावल्या.

"दहाची नुसती पडून गंजतात," ते म्हणाले.

काकूंनी चिमटा पुन्हा उचलला. बारीक काम करणाऱ्या बाईची नजर ती, तिला काय दिसलं नसेल? पण दिसलेलं सगळं बोलायचं नसतं, एवढं शहाणपण संसारात येतंच.

मग एके दिवशी इस्पितळातून निरोप आला. तिथल्या ज्येष्ठांच्या विभागात रुग्णांचं वजन करायचा काटा होता, तो प्रत्येकाला वेगळंच काहीतरी सांगत होता. दोघं निघाले. घोळ असा की दहाची दोन्ही वजनं त्याच आठवड्यात सरकारी कचेरीत गेली होती. काटे तपासणाऱ्याची वजनंसुद्धा वर्षाकाठी तपासून घ्यावी लागतात. राहिलं वीसचं. गाडीवाल्यानं ते उतरवलं, वॉर्डबॉयनं ढकलगाडीवरून आत आणलं, पण काट्यावर ठेवणार काटेवालेच. दुसऱ्याला हात लावू देतील तर ते काटेवाले कसले!

त्यांनी वाकून कडी धरली. उचललं. वजन ढकलगाडीवरून सुटलं, अर्ध्या वाटेवर आलं, आणि बोटं आपोआप उघडली. त्यांनी उघडली नाहीत, बोटांनी त्यांना विचारलंच नाही.

दाण्णकन!

फरशीला तडा गेला, पाय थोडक्यात वाचला. बाकांवरचे सगळे म्हातारे दचकून वळले. काटेवाल्यांनी वजनाकडे पाहिलं, मग बायकोकडे. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोघांनाही तो जुना शब्द आठवला होता आणि दोघांनाही दिसत होतं की दुसऱ्यालाही आठवलाय.

आवाज ऐकून आतून डॉक्टरबाई धावत आल्या. वयानं लेकीएवढ्या, केसांत पेन खोचलेलं. त्यांनी आधी पाऊल बघितलं, मग नाडी, मग म्हणाल्या, "काका, काटा नंतर. आधी तुम्ही आत या."

"मला काही झालेलं नाही. कडीला घाम होता."

"असेल. तरी या."

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी त्यांच्या हातात एक मूठ आवळायचं यंत्र दिलं. जेवढ्या जोरानं आवळू तेवढा आकडा वर जातो. काटेवाल्यांना जरा हुशारी आली. हे तर आपल्याच जातकुळीतलं! त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, कधी तपासून घेतलंय ते विचारलं, आणि मग दात ओठ खाऊन आवळलं.

डॉक्टरबाईंनी आकडा वाचून दाखवला.

"बिघडलंय," काटेवाले तत्काळ म्हणाले.

"बरं. काकू, तुम्ही आवळा."

काकूंनी पदर सावरला, यंत्र हातात घेतलं आणि सहज आवळलं. आकडा काटेवाल्यांच्या वर गेला. थोडाथोडका नाही, चांगलाच वर. काकू घाबरून म्हणाल्या, "अगंबाई, मी काही मोडलं तर नाही ना?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. काटेवाल्यांचं तोंड मात्र एवढंसं झालं. मग त्यांना खुर्चीत बसवून हात छातीशी बांधायला लावले आणि तसंच उठायला सांगितलं. एकदा कसेबसे उठले. दुसऱ्यांदा बूड हललं, पण माणूस काही वर आला नाही.

"खुर्ची बुटकी आहे तुमची," ते म्हणाले, पण आवाजात आता जोर नव्हता.

"काका, वय झालं की स्नायू झिजतात. सगळ्यांचेच. पण तुमचे जरा जास्तच झिजलेत. जेवता काय?"

जेवणाची हकिकत काकूंनी सांगितली, मांजरासकट. काटेवाल्यांनी मात्र हुकमाचं पान काढलं. त्यांच्या पाकिटात शेवटचा रिपोर्ट कायम असायचा. "हे बघा डॉक्टर, हे पथ्य मी उगाच करत नाही. दादाच्या किडन्या गेल्या, माझ्या बघा! दरवर्षी आकडा खाली."

डॉक्टरबाईंनी तो नीट वाचला. मग खुर्ची पुढे ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"काका, हे क्रिएटिनिन येतं कुठून, माहितीय? स्नायूंमधून. तो स्नायूंचा रोजचा कचरा, किडनी तो बाहेर टाकते. आता समजा, घरातली निम्मी माणसं गावाला गेली. कचरा कमीच निघणार ना? मग झाडणारा ढिला पडला तरी घर स्वच्छच दिसेल. त्यावरून झाडणारा चांगलं काम करतोय असं म्हणता येईल का?"

काटेवाल्यांनी रिपोर्टावरच्या आकड्याकडे पुन्हा पाहिलं.

"तुमचा आकडा खाली आला तो कदाचित किडनी सुधारली म्हणून नाही. स्नायू कमी झाले म्हणून. किडनीचं खरं काय ते या आकड्यावरून कळतच नाहीये. दुसरी एक तपासणी असते, सिस्टॅटिनची. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. ती करू या."

"पण माझं वजनही..." काटेवाल्यांनी शेवटची काडी धरली. "वीस वर्षं तेवढंच आहे. माझ्या स्वतःच्या काट्यावर. तो खोटं बोलत नाही."

"नसेलच बोलत. स्नायू गेले आणि त्यांच्या जागी चरबी आली, तर बेरीज तेवढीच येणार."

आणि इथे काटेवाले मटकन खाली बसल्यासारखे झाले, बसलेलेच होते तरी. कारण हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. गेल्याच साली भंगारवाल्याचा काटा त्यांच्याकडे आला होता. आतली स्प्रिंग ढिली पडलेली, आणि कुणा शहाण्यानं सुई मागे सरकवून ठेवलेली. दोन चुका मिळून एका ठिकाणी आकडा अगदी बरोबर यायचा. भंगारवाला शपथेवर सांगत होता की काटा खरा आहे. त्याला काटेवाल्यांनी दुकानात उभं करून झाप झाप झापलं होतं: "आकडा मनासारखा आला म्हणून काटा खरा होत नाही रे, आत काय चाललंय ते बघ!"

आयुष्यभर लोकांना हे सांगितलं, आणि स्वतः रोज सकाळी मनासारखा आकडा आला म्हणून छाती काढून उभा राहिलो. पेस्ट्र्या वाटल्या! स्नायू झिजल्याच्या पेस्ट्र्या! काटेवाल्यांना इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की बायकोकडे बघायचंही धाडस होईना. लाजेच्या मागून भीती आली. दादाची ती खुर्ची डोळ्यांपुढे दिसायला लागली.

तपासणीचा निकाल चार दिवसांनी आला. किडन्या वाटत होत्या तितक्या धडधाकट नव्हत्या, पण दादासारखंही काही नव्हतं. थोड्या दमल्या होत्या. दुखणं मारायच्या गोळ्या आजपासून बंद, डॉक्टरबाईंनी बजावलं. त्या किडनीच्या मुळावर येतात. रक्तदाब सांभाळायचा. आहाराच्या बाईंनी त्यांचे सगळे रिपोर्ट बघून, त्यांच्यासाठी म्हणून, काय आणि किती खायचं ते ठरवून दिलं. त्यात अंडं होतं.

"पण किडनी?" काटेवाले कासावीस होऊन म्हणाले.

"तुमच्या दादांचा आजार खूप पुढे गेला होता, त्यांचं पथ्य त्यांच्यापुरतं. तुम्ही त्यांचं पथ्य स्वतःला लावून घेतलंत. अगदी उपाशी राहिलात तर स्नायू जातात, आणि स्नायू गेले की पडायचं, झोपून राहायचं. आपण किडनीवर लक्ष ठेवू, तुम्ही खा. आणि वजनं उचला. हळूहळू, शिकून."

"वजनं," काटेवाले कडवट हसले. "वजनं आता उचलून काय करायचंय?"

घरी आल्यावर त्यांनी दुकानाची किल्ली जुडग्यातून काढून काकूंच्या टेबलावर ठेवली. "आपटलं ना वजन. शब्द म्हणजे शब्द. लेकीला फोन कर."

काकूंनी चिमटा खाली ठेवला. त्या कधी आवाज चढवत नसत, तो त्या दिवशी चढला. "शब्द कुणाला दिला होता?"

"तुला."

"मला ना? मग तो माझा झाला. तो पाळायचा की सोडायचा, ते मी ठरवणार. मोठे आले शब्दवाले! दुकान बंद करायचा शब्द आठवतो, आणि बायकोनं उकडलेलं अंडं मांजराला घालताना काही आठवत नाही?"

काटेवाले खुर्ची ओढून बसले.

"मी सांगते काय करायचं. त्या डॉक्टरबाई सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणार आहेत. दहाची परत आली की त्यांचा काटा नीट करून देऊ, म्हणजे तेव्हा तोही पुन्हा तपासायचा. तोवर शब्द स्थगित. सहा महिन्यांनी तिथेच, त्याच काट्यावर, वीसचं ठेवा. आवाज आला तर मी स्वतः सामान बांधते. सोफ्याचे कोपरे नीट करीन आयुष्यभर." त्यांनी किल्ली काटेवाल्यांच्या पुढे सरकवली. "आणि नाही आला, तर ती किल्ली पुन्हा या टेबलावर दिसता कामा नये."

झालं. दुसऱ्या दिवसापासून दुकानाचा आखाडा झाला. व्यायामासाठी लोक वजनं विकत आणतात. इथे भिंतीला लागून सरकारी शिक्क्याच्या वजनांची रांगच उभी होती. इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी येऊन कसं वाकायचं, पाठ कशी ठेवायची, श्वास कधी सोडायचा ते शिकवलं. किलोच्या वजनापासून सुरुवात. काटेवाल्यांना अपमान वाटला. "किलोचं तर भाजीवाली पण उचलते," ते कुरकुरले.

"भाजीवालीच्या हातात तुमच्यापेक्षा ताकद आहे," काकू म्हणाल्या. त्या मूठ आवळायच्या यंत्राचा दाखला ही बाई आता येताजाता द्यायची.

मग खुर्ची. सुतारानं लावलेले ठोकळे काढून टाकले आणि रोज त्या खऱ्या उंचीच्या खुर्चीतून हात न टेकता ऊठबस सुरू झाली. गिऱ्हाईक आत आलं की काटेवाले वर-खाली होत असायचे. "बसा, बसा," ते उठता उठता म्हणायचे. सलूनवाला गिऱ्हाईकाच्या गालाला साबण लावून हा तमाशा बघायला दारात यायचा. पुढे पुढे तोही स्वतःच्या दुकानात खुर्ची ओढून करायला लागला, पोटासकट.

अंडं खाताना पहिले काही दिवस काटेवाले औषध घेतल्यासारखं तोंड करायचे. मांजर समोर बसून रोखून बघायचं. त्या बिचाऱ्याचा धंदा बसला.

सगळं सुरळीत झालं असं नाही हं. मध्ये एकदा पाठ धरली, आठवडाभर सगळं बंद. तेव्हा काटेवाल्यांनी पुन्हा किल्लीकडे पाहिलं होतं. गुडघा दुखला की हात गोळ्यांच्या डब्याकडे जायचा. डबा काकूंनी कधीच रिकामा केला होता. पाचाचं वजन जमलं त्या दिवशी ते पोरासारखे हरखले आणि दहाचं जमेना तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण हळूहळू बाटल्यांची कंपनी सुधारली. पायऱ्या बुटक्या झाल्या. एका सकाळी शटर सर्रकन वर गेलं, आणि काटेवाले त्याच्याकडे बघतच राहिले. समोरून शटरवाला सायकलवरून चालला होता. तो ओरडला, "काय काका, दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घेतलंत वाटतं?"

"हो!" काटेवाले ओरडले. "तुझ्यापेक्षा बरा मिळाला!"

आणि एके सकाळी मोठ्या काट्यावर उभे असताना काकूंनी नेहमीप्रमाणे मान वर न करता "तेवढंच" म्हटलं, तर ते भडकले. "बघून सांग!" काकूंनी बघितलं. वजन वाढलं होतं. काटेवाले चष्मा न लावताच सलूनवाल्याकडे धावले, "वाढलं रे, वजन वाढलं!" वीस वर्षं उलट ऐकलेल्या त्या माणसाच्या डोक्याचा पार भुगा झाला.

मध्ये एकदा रक्त तपासलं, तर क्रिएटिनिनही किंचित वर आलं होतं. पण आता त्यांनी घाबरून जायच्या आधी दुसऱ्या तपासणीचा आकडा विचारला. तो होता तिथेच होता. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "किडनीनं धीर धरलाय, आणि स्नायू परत यायला लागलेत. असंच चालू द्या." त्या दिवशी पेस्ट्र्या नाही आणल्या. अंडी उकडून वाटली.

सहा महिने भरले. दोघं इस्पितळात निघाले. वाटेत गाडीत पायाशी ठेवलेली सामानाची पिशवी काटेवाले सरकवायला गेले, तर ती हलेना. त्यांनी हळूच वरचा कपडा बाजूला करून पाहिलं. तळाशी दहाची दोन वजनं होती. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. काटेवाल्यांनी कपडा होता तसा झाकला.

तडा गेलेली फरशी अजून तशीच होती. बाकांवर म्हातारे बसले होते. डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वॉर्डबॉयनं ढकलगाडी काट्याशी लावली.

"मी नाही बघणार," काकू म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दोन्ही हातांत पदराचं टोक घट्ट धरलेलं.

काटेवाल्यांनी गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, शिकवल्यासारखा श्वास घेतला. कडी धरली. वजन उचललं. बोटांना त्यांनी मनात सांगितलं, या वेळी मला विचारल्याशिवाय उघडायचं नाही. वजन काट्याच्या वर आलं. आणि मग खाली. अगदी हळू. उस्तादांनी शिकवलं होतं तसं, आधी एक कड, मग दुसरी.

त्यांनी हात काढून घेतला. बाकांवर कुणी खोकलंसुद्धा नाही. काटेवाले तसेच बायकोच्या पाठीकडे बघत उभे राहिले.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा काकूंचे खांदे खाली आले. मागे न वळताच त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "राहू द्या हो. नाही उचलत तर नाही. पिशवीत दहाची आहेत, ती लावू या. मी कुणाला काही बोलणार नाही. शब्द माझाच आहे, मी सोडला तो. आपण नाही जायचं कुठे."

काटेवाल्यांच्या डोळ्यांना धार लागली. सगळ्यांसमोर, आणि त्याची त्यांना अजिबात लाज वाटली नाही.

"अगं," ते म्हणाले, "केव्हाच ठेवलं. आकडा वाच."

काकू वळल्या. त्यांनी काट्यावरच्या वजनाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग वाकून, पुढे होऊन, अगदी नाक लावून आकडा वाचला. सोनाराच्या काट्याचा वाचतात तसा.

"वीस," त्या म्हणाल्या. पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग त्यांचे. आणि मग त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला.

"आता उतरवा. तेही आवाज न करता."